ऐकणाऱ्याला न सांगता गाळू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : अंध वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करताना काय वाचावे आणि काय सोडावे

परीक्षा आटोपून सुट्ट्या लागल्या की अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून देण्याची इच्छा असलेली बरीच मंडळी पुढे येतात. माइक तोंडापासून किती लांब धरावा, पंखा बंद ठेवावा का, पान उलटल्याचा आवाज कसा टाळावा, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते. पुस्तकातले नेमके काय वाचायचे आणि काय सोडायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. मी तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले आणि निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षे असे वाचन करते आहे. या काळात माझ्या हातून झालेल्या चुका आणि इतरांच्या वाचनात आढळलेल्या उणिवा लक्षात घेऊन या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. एम. ए.च्या एका विद्यार्थ्यासाठी मी इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक वाचून दिले होते. त्यात पानोपानी तळटिपा होत्या. त्या वाचल्या तर मजकुराचा ओघ तुटतो, असे वाटून मी सरसकट सगळ्या सोडल्या आणि सोडल्या आहेत हे कुठे सांगितलेही नाही. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. “मॅडम, चौथ्या प्रकरणात लेखक म्हणतात की या तारखेबद्दलचा वाद तळटिपेत पाहावा. ती तळटीप कोणत्या फाइलमध्ये आहे?” मी खरे ते सांगितले. तो क्षणभर थांबला आणि त्याने विचारले, “म्हणजे आणखीही होत्या का?” या लेखकाने आपल्या विधानांना पुरावे दिलेले नाहीत, असा शेरा त्याने आपल्या निबंधात मारला होता आणि तो निबंध देऊनही झाला होता. पुरावे प्रत्येक पानाच्या तळाशी होते. ते त्याच्यापर्यंत पोहोचू दिले नव्हते ते मी.

डोळस वाचकही तळटिपा सोडतोच, असे यावर म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. प्रस्तावना आपल्यापैकी किती जण वाचतात? पण पानाच्या तळाशी बारीक टायपात काहीतरी आहे, हे सोडून देतानाही त्याला दिसत असते आणि हवे तेव्हा तो तिकडे परत वळू शकतो. ऐकणाऱ्याच्या बाबतीत वाचणाऱ्याने जे सोडले ते त्याच्यापुरते पुस्तकातच नसते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की स्वयंसेवकाने आपल्या आवडीनुसार किंवा सोयीनुसार पुस्तकातले काहीही गुपचूप गाळू नये, आणि काही सोडावेच लागले तर काय सोडले आणि का, हे पहिल्याच फाइलमध्ये स्पष्ट शब्दांत सांगावे.

सर्वांत जास्त कात्री लागते ती पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांना. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश हा सगळा ‘वेळ खाणारा’ भाग समजला जातो आणि वाचन थेट पहिल्या प्रकरणापासून सुरू होते. जोतीराव फुले यांचे १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ या पद्धतीने वाचले, तर काय होईल ते पाहावे. अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना हे पुस्तक अर्पण केलेले आहे. आपल्याकडील शूद्रातिशूद्रांची अवस्था आणि तिकडची गुलामी यांच्यात जोतीरावांनी घातलेली सांगड त्या अर्पणपत्रिकेतच प्रथम दिसते, आणि पुस्तकाच्या नावाचा अर्थही तिथेच उलगडू लागतो. शिवाय पुस्तकाला जोतीरावांनीच लिहिलेली इंग्रजी प्रस्तावना आहे. मराठी वाचणारे स्वयंसेवक ‘आपले इंग्रजी उच्चार बरे नाहीत’ म्हणून ती सोडतात. त्यांचा संकोच मी समजू शकते, पण तेवढाच भाग इंग्रजी चांगले वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता येतो आणि एका पुस्तकात दोन आवाज असल्याने ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही. पुढचा मुख्य मजकूर धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात आहे. तिथे प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचे नाव वाचणे कंटाळवाणे वाटते आणि आवाजात थोडा बदल करून भागेल असा मोह होतो. तो मोह मला झाला होता. दीर्घ उत्तरे संपेपर्यंत कोणता आवाज कोणाचा हे माझे मलाच आठवेना, तेव्हा मी मुकाट्याने नावे वाचू लागले.

जाता जाता एक गोष्ट सांगते. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘किंमत सव्वा रुपया’ असे छापलेले असते. ते वाचायला दोन सेकंद लागतात. माझ्या एका वयस्कर श्रोत्यांना त्यात पुस्तकाइतकाच रस असतो, आणि छापखान्याचे नाव राहून गेले तर ते आठवणीने विचारतात.

उलट जुन्या पुस्तकांतला एक भाग असा आहे, जो वाचू नये पण वापरावा. तो म्हणजे शेवटच्या पानावरचे शुद्धिपत्र. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात फर्मे, म्हणजे पानांचे ताव, छापून झाल्यावर सापडलेल्या चुका दुरुस्त करण्याचा दुसरा मार्ग नसल्याने ‘पृष्ठ अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध’ असा तक्ता शेवटी जोडला जाई. मी ऐकलेल्या एका ध्वनिमुद्रणात वाचणाऱ्या भगिनींनी तो तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्या निष्ठेने वाचला होता आणि आतल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या होत्या. ऐकणाऱ्याला ना पृष्ठ कळते ना ओळ. वाचायला बसण्याआधी शुद्धिपत्र समोर ठेवून पेन्सिलीने पुस्तकात दुरुस्त्या करून घ्याव्यात आणि दुरुस्त मजकूरच वाचावा. लेखकाला हवे होते तेच पुस्तक त्यामुळे ऐकणाऱ्याला मिळते. शुद्धिपत्राबाहेरच्या चुका हा वेगळा प्रश्न आहे. उघड मुद्रणदोष सुधारून वाचावा, पण शंका असेल तिथे छापलेलेच वाचावे, असे मी करते. त्याचप्रमाणे ‘घरें’, ‘नाहीं’, ‘कां’ यांवरचे जुन्या लेखनातले अनुस्वार नाकात उच्चारून वाचण्याची गरज नाही. ते शब्द लिहिणाऱ्यांनीही तसे उच्चारले नसतील, आणि १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी ते लेखनातूनही काढून टाकले आहेत.

काय वाचायचे याच्याही आधी कोणती प्रत वाचायची हे ठरवावे लागते, आणि त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहिलेली १८५७ च्या बंडाची हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली, तेव्हा मजकुरात त्यांनी स्वतःचे फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ साली छापला गेला. पुस्तकाचे नाव एकच, पण एका प्रतीत आपण गोडसे भटजींचे ऐकतो आणि दुसरीत काही अंशी वैद्यांचे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी संपादक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल सांगितले नाही, तर आपण काय ऐकले हे श्रोत्याला कधीच कळत नाही.

यातच कायद्याची बाजू येते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ च्या आरंभी सर्वांसाठी खुले झाले. परंतु अशा खुल्या झालेल्या पुस्तकाची अलीकडची आवृत्ती हाती घेतली, तर तिच्यातली नवी प्रस्तावना, संपादकाच्या टिपा आणि परिशिष्टे यांवर त्या त्या लेखकांचा हक्क कायम असतो. सार्वजनिक संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवायचे ध्वनिमुद्रण असेल, तर हा नवा भाग वगळावाच लागतो, आणि वगळल्याचे सांगावेही लागते. स्वयंसेवकांनी वाचलेली खुली पुस्तके इंटरनेटवर मोफत ठेवणाऱ्या, २००५ पासून चाललेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’सारख्या उपक्रमात तर अमेरिकेचा कायदा पाहिला जातो. त्यामुळे इथे खुले असलेले १९३५ सालचे पुस्तक तिथे खुले होण्यास २०३१ उजाडेल, हे परदेशातल्या आपल्या हौशी मंडळींनी आधी ध्यानात घेतले, तर बरीच मेहनत वाया जाणार नाही.

अंध व्यक्तींसाठीच ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर मात्र आपला कायदा उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी तरतूद आली, की अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी, नफा न घेता, हक्क शाबूत असलेले पुस्तकही सुलभ स्वरूपात आणता येते. अंधांना पुस्तके सुलभ स्वरूपात मिळावीत म्हणून पुढच्याच वर्षी झालेल्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच होता. या सवलतीखाली प्रस्तावना, टिपा, मलपृष्ठावरचा मजकूर असे अवघे पुस्तक वाचता येते. अट एवढीच, की ते ध्वनिमुद्रण त्या वाचकांपुरतेच राहावे. ‘कोणाला तरी उपयोग होईल’ म्हणून तीच फाइल यूट्यूबवर चढवणे किंवा गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे ही सेवा नाही. त्याने लेखकाचे नुकसान होते आणि मोठ्या प्रयासाने मिळालेल्या सवलतीकडे प्रकाशक संशयाने पाहू लागतात.

पाठ्यपुस्तकांची अडचण निराळी असते. शालेय पुस्तकांत मुख्य धड्याच्या अंगाने ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘माहीत आहे का तुम्हांला?’ अशा चौकटी असतात आणि पुष्कळदा पानाच्या शेवटी अर्धे राहिलेले वाक्य चौकटीच्या पलीकडे पुढच्या पानावर पुरे होते. छापलेल्या क्रमाने वाचत गेले, की वाक्याच्या मध्येच बेडकाचे जीवनचक्र येऊन उभे राहते. परिच्छेद पुरा करावा, मग ‘चौकट’ म्हणून चौकट वाचावी, ‘चौकट समाप्त’ म्हणावे आणि पुढे जावे. तक्ता वाचण्याआधी त्यात किती रकाने आणि किती ओळी आहेत व रकान्यांची शीर्षके कोणती, हे सांगावे आणि मग आडव्या ओळीने वाचत जावे. नुसते आकडे ओळीने वाचले, तर दुसऱ्या ओळीपर्यंत कोणता आकडा कशाचा, हे डोळस माणसाच्याही लक्षात राहणार नाही.

चित्रे आणि आकृत्यांजवळ येऊन बरेच जण ‘इथे एक चित्र आहे’ एवढे म्हणून पुढे सरकतात. काही उत्साही वाचक दुसऱ्या टोकाला जाऊन आभाळाचा रंग आणि मुलीच्या फ्रॉकवरची फुलेही सांगतात. चित्र मजकुरात कशासाठी आले आहे ते पाहून तेवढे सांगावे, हा मला अनुभवाने सापडलेला मार्ग आहे. पर्जन्यछायेच्या धड्यातल्या आकृतीत समुद्र कोणत्या बाजूला, डोंगर कुठे, ढग कोणत्या उतारावर आणि बाण कोणत्या दिशेने, हे चार वाक्यांत सांगता येते. सह्याद्री हिरवा छापला आहे की तपकिरी, याने काही फरक पडत नाही. हे वर्णन आपले आहे, पुस्तकातले नाही, हे कळावे म्हणून आधी ‘वाचकाची टीप’ असे म्हणावे. शेवटच्या शब्दसूचीपुढचे पृष्ठक्रमांक ध्वनिमुद्रणात निरुपयोगी असतात, म्हणून ती सूची मी सोडते. संदर्भग्रंथांची यादी मात्र सोडत नाही, कारण महाविद्यालयीन विद्यार्थी पुढचे पुस्तक त्या यादीतूनच मागतात.

गाळण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आळसामुळे होत नाही. जुन्या लेखनात जातींचे उल्लेख, स्त्रियांविषयीची हीन विशेषणे, शिव्या असतात. आपल्या तोंडून ते शब्द जाऊ नयेत, असे चांगल्या मनाच्या माणसाला वाटते आणि मग तो शब्द सोडून किंवा सौम्य करून वाचतो. एका स्वयंसेवकाने तर स्वतः जोतीरावांच्याच भाषेतल्या धारेला ‘आज बरे दिसत नाही’ म्हणून कानस लावली होती! ज्याने अन्याय लिहिला आणि ज्याने अन्यायावर कोरडे ओढले, त्या दोघांचेही शब्द ऐकणाऱ्याला जसेच्या तसे मिळाले पाहिजेत. आवाजात चीड न आणता आणि चवीही न घेता सरळ वाचावे. ज्याला हे शब्द उच्चारवत नसतील, त्याने ते पुस्तक दुसऱ्याकडे द्यावे, त्यात काही कमीपणा नाही.

भर घालण्याच्या हौशीबद्दलही लिहिले पाहिजे. प्रत्येक फाइलच्या आरंभी बासरी, मग स्वतःचा परिचय, घरातल्या कोणाच्या तरी स्मृतीस अर्पण आणि शेवटी ‘आवडल्यास जरूर कळवा’ हे सगळे चाळीस प्रकरणांत चाळीस वेळा ऐकावे लागते. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक व शीर्षक आणि वाचणाऱ्याचे नाव, इतके पुरे. एकच भर मात्र उपयोगाची ठरते. अपरिचित विशेषनामे आणि ऐकताना सारखे वाटणारे शब्द पहिल्यांदा आले, की विद्यार्थ्यांसाठी त्यांचे लेखन फोडून सांगावे. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, ‘दिन’ आणि ‘दीन’, हा फरक बोलताना आपण नीट पाळत नाही. परीक्षेत लेखनिकाला उत्तर सांगताना ‘पहिला उकार की दुसरा’ असे त्याने विचारले, तर विद्यार्थी ते कुठून सांगणार?

हे सगळे वाचले तर पुस्तक किती लांबेल, हा व्यवहारी प्रश्न आहे. माझ्या वेगाने तीनशे पानांना अकरा-बारा तास लागतात आणि टिपा दाट असतील तर त्यात तीन-चार तासांची भर पडते. यावर ध्वनिपुस्तकांच्या ‘डेझी’ या स्वरूपात उत्तर आहे. त्यात प्रकरण, उपप्रकरण आणि पृष्ठक्रमांकानुसार पुढेमागे जाता येते, आणि तळटिपा, चौकटी किंवा वाचकाच्या टिपा ऐकायच्या की बंद ठेवायच्या, हे ऐकणाऱ्याला ठरवता येते. पण प्रत्यक्षात बहुतेक मुलांना पुस्तके मिळतात ती साध्या एमपी-थ्री फाइलींच्या रूपात, मेमरी कार्डावर किंवा व्हॉट्सॲपवर. तिथे टिपा थोड्या असतील तर जागच्या जागी ‘टीप’ आणि ‘टीप समाप्त’ म्हणून वाचाव्यात. पुष्कळ असतील तर मजकुरात फक्त ‘टीप बारा’ एवढे म्हणून प्रकरणाच्या सगळ्या टिपा वेगळ्या फाइलीत, त्याच क्रमांकांनी वाचून ठेवाव्यात. त्या इतिहासाच्या पुस्तकाच्या टिपा मी नंतर अशाच वाचून दिल्या. निबंधासाठी त्यांचा उपयोग झाला नाही, एवढी खंत राहिली.

आजकाल फोनच वाचून दाखवतो, मग माणसाने कशाला वाचायचे, असेही विचारले जाते. युनिकोड या संगणकाच्या सार्वत्रिक अक्षरसंकेतात असलेला मजकूर फोन बऱ्यापैकी वाचतो. पण आपल्याकडची कितीतरी पुस्तके ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या फाँटांत जुळवलेली असल्याने त्यांच्या पीडीएफमधून फोनला नुसती अक्षरांची भेळ ऐकवता येते, आणि खिळ्यांवर छापलेल्या जुन्या पुस्तकांची तर फाइलच नसते. प्रकाशकांनी नव्या पुस्तकांचा युनिकोड मजकूर अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिला, तर आमच्यासारख्यांचा वेळ जुन्या पुस्तकांसाठी मोकळा होईल.

एक प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. सध्या मी लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ वाचते आहे. त्यात वाक्यावाक्यांतून कंसात ‘गी. २. ४७’, ‘मनु.’ (मनुस्मृती), ‘मभा. शां.’ (महाभारत, शांतिपर्व) असे संक्षिप्त संदर्भ येतात. प्रत्येक संदर्भ ‘गीता, अध्याय दुसरा, श्लोक सत्तेचाळिसावा’ असा फोडून वाचला, तर टिळकांच्या लांब पल्ल्याच्या वाक्याचा दम मध्येच तुटतो. न वाचावे तर ज्या पुस्तकाची सारी भिस्त आधारांवर आहे, त्याचे आधारच जातात. पहिले प्रकरण मी दोन प्रकारे वाचून दोन श्रोत्यांकडे पाठवले. संस्कृत घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला एकही संदर्भ गाळलेला नको आहे. निवृत्त बँक कर्मचारी असलेले गृहस्थ म्हणाले, की कंस आला की आधीचे वाक्य ते विसरून जातात. त्यामुळे तूर्त पुढची प्रकरणेही मी दोन्ही प्रकारे वाचून ठेवते आहे, आणि कोणती फाइल कोणत्या प्रकारची, हे तिच्या पहिल्याच वाक्यात सांगते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे